सिल्व्हर प्रायमर

"साहेब, ह्यो जीआय तर न्हाई न्हवं?"

आनंदा मिस्त्रींनी ग्राइंडर खाली ठेवला, गॉगल कपाळावर चढवला आणि पाइपाच्या कडेवरून अंगठा फिरवला. काळा रंग निघाला होता तिथे बोटभर रुंदीची पांढुरकी चमक दिसत होती.

"नाही हो. साधं लोखंडच आहे," मी म्हणालो. "आत सिल्व्हर प्रायमर मारलाय, वरून काळा."

"प्रायमर?"

"प्रायमर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला तरी ते पाहणं फार लांबलं असं वाटलं. मग त्यांनी गॉगल पुन्हा डोळ्यांवर ओढला.

"तुमी सांगताय म्हंजे आसंलच," ते म्हणाले.

तो प्रायमर नव्हता. पाइपावर जस्ताचा मुलामा होता आणि हे मला आदल्या संध्याकाळपासून माहीत होतं. जीआय म्हणजे तेच, जस्त चढवलेलं लोखंड. पाण्याला उत्तम, आयुष्यभर गंजत नाही. पण त्याला वेल्डिंगची आग लागली की पांढरा धूर सुटतो, आणि तो धूर छातीत गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत हिवताप आल्यासारखा थडथडायला लागतो. मी मेकॅनिकल इंजिनिअर. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, परीक्षेतही आलं होतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक मटण भाजायचं यंत्र होतं.

आमच्या फाउंड्रीचे मालक, इंगवलेसाहेब, त्या वर्षी दिवाळीनंतर अमेरिकेला जाऊन आले. टेक्सासमध्ये एका गिऱ्हाइकानं त्यांना घरी जेवायला बोलावलं होतं. परसात एक आडवी टाकी, तिच्या एका अंगाला लाकडं जाळायची वेगळी पेटी, दुसऱ्या अंगाला धुराडं. मांसाला जाळ लागत नाही, नुसता गरम धूर त्याच्यावरून सरकत जातो आणि आठ-दहा तासांनी हाडापासून मटण आपोआप सुटतं. मालक तिथून परतले ते मोठी ऑर्डर आणि हे वेड घेऊन.

"रसाळ, आसलं यक आपल्याला पायजे," त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. "जानेवारीच्या शेवटच्या रविवारी त्या टेक्सासवाल्याची दोगं गोरी मानसं येत्यात आपल्या मळ्यावर. यंत्र त्यांच्या देशातलं, बकरं आपल्या गावातलं. जमंल का?"

"जमेल की साहेब."

"मंग बगू. त्या ऑर्डरीसाठी सा म्हैनं तिकडं कुणाला धाडायचं, त्येबी ठरवायचं हाय."

एवढं बोलून ते फोनकडे वळले. मला तेवढं पुरेसं होतं. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

मी आठ दिवस खपून ड्रॉइंग काढलं. तीन बाजूंची तीन चित्रं, मिलिमीटरमध्ये मापं आणि कोपऱ्यातल्या चौकटीत 'डिझाइन : देवदत्त रसाळ'. ते घेऊन मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात आनंदा मिस्त्रींकडे गेलो. पुढे पत्र्याची शेड, मागे दोन खोल्यांचं घर, मध्ये निळं लोखंडी दार, असा त्यांचा संसार होता. आमच्या फाउंड्रीची बारीकसारीक फॅब्रिकेशनची कामं तेच करायचे. वेल्डिंगचा टाका असा घालायचे की ग्राइंडर मारायची गरज पडू नये.

मिस्त्रींनी ड्रॉइंग सरळ धरलं, आडवं धरलं, मग जमिनीवर पसरून त्याच्यापुढे उकिडवे बसले.

"जाळ हितं. मटान मदी. आन धुराडं बरूबर मदल्या टकुऱ्यावर," ते म्हणाले. "मंग पलीकडची तंगडी कच्चीच की वो साहेब. धूर आर्ध्यातनंच भायर पळंल."

"उष्णता वर जाते मिस्त्री. धुराडं वरच असतं."

"गुऱ्हाळ बगितलंय का कदी? चुलवाण?"

गुऱ्हाळ बघितलं होतं. गरम गूळ खाऊन जीभही भाजून घेतली होती. रस उकळायच्या काहिलीखालची ती लांबलचक भट्टी, म्हणजे चुलवाण, मात्र कधी वाकून पाहिली नव्हती.

"चुलवाणात जाळ ह्या टोकाला आन धुराडं त्या टोकाला. म्हणून धग काहिलीखालनं पळत जाती. न्हाईतर यका अंगाचा रस करपंल आन दुसऱ्या अंगाचा तसाच ऱ्हाईल." त्यांनी खडू घेऊन फरशीवर दोन रेघा ओढल्या. "लाकडाची प्येटी खाली उतरवा, टाकीच्या पोटाच्याबी खाली. आन धुराडं पलीकडच्या टोकाला घ्या. त्येचं तोंड आत जाळीच्या उंचीला ठेवा, वर न्हवं. मंग धूर मटणावरनं घासून जातूय का न्हाई बगा."

मी घरी येऊन ड्रॉइंग बदललं. खडूच्या त्या दोन रेघांचं मी नीटनेटकं चित्र केलं. कोपऱ्यातली चौकट तशीच ठेवली.

त्याच दिवशी निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "सामान तुमी देनार हाय न्हवं? मंग जीआय तेवडं आनू नगा. जेवनाच्या कामाला त्ये चालत न्हाई. आन शेडच्या आत मी जीआय वेल्ड करत न्हाई. आलंच तर भायर, मोकळ्यात, आन आदी गूळ." फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्याच्याकडे त्यांनी बोट दाखवलं. जस्ताच्या धुरावर गुळाचा उतारा पडतो की नाही ते डॉक्टर जाणोत. सगळं उद्यमनगर खातं, म्हणून मिस्त्रीही खायचे.

आता मिस्त्रींचं एक सांगायला हवं. पूर्वी ते प्यायचे. किती, तर त्यांच्याकडे काम न्यायचं असेल तर लोक आधी घड्याळ बघायचे. सकाळी अकराच्या आत गेलात तर सोन्यासारखा माणूस, नंतर गेलात तर दुसऱ्या दिवशी या. पण एक दिवस त्यांनी ती सोडली. ना देवाची शपथ, ना गळ्यात माळ. बायकोला, मालनकाकींना, एवढंच म्हणाले, "बास झालं." त्याला चार वर्षं झाली होती. गल्ली अजून वाट बघत होती, मालनकाकीही. नवरा घरात आला की त्या पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्तानं जवळ जायच्या आणि श्वास ओढून घ्यायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मिस्त्री तोंड फिरवायचे नाहीत. उभे राहायचे.

त्यांची मुलगी राजश्री तेव्हा बावीस वर्षांची होती. आमच्या फाउंड्रीतले कुंडलिक फोरमन त्यांच्याच समाजातले. कुंडलिकांचा पुतण्या साखर कारखान्यात फिटर होता. मुलगी सगळ्यांना पसंत होती, अडत होतं ते बापाच्या जुन्या लौकिकापाशी. कुंडलिक माझ्याकडे आले. "साहेब, तुमचं रोजचं जाणंयेणं हाय तितं. खरं काय त्ये तुमी सांगा."

"थेंब नाही," मी छाती पुढे काढून म्हणालो. "चार वर्षं बघतोय. मी जबाबदार."

माझ्या त्या शब्दावर सोयरीक पुढे सरकली. शुक्रवारी संध्याकाळी पाचला सुपारी फोडायचं ठरलं. मधला माणूस म्हणून मला मानाचं बोलावणं आलं. रविवारी मळ्यावर जेवण होतं.

यंत्राची टाकी तयार होती. आमच्याच एका जुन्या काँप्रेसरची, जाड पत्र्याची. लाकडांच्या पेटीसाठी दीड फूट व्यासाचा पाइप हवा होता आणि ज्या व्यापाऱ्यानं तो बुधवारी देतो म्हणून सांगितलं होतं, त्यानं तो परस्पर दुसऱ्याला विकला. गुरुवारी संध्याकाळी मी फाउंड्रीच्या भंगारात शिरलो. कुठल्याशा उपसा योजनेचा काळ्या रंगाचा एक तुकडा सापडला. माप अगदी नेमकं. मी स्कूटरच्या किल्लीनं त्याच्यावर ओरखडा काढला. आत पांढरं चमकलं.

तेव्हाच तो तिथे टाकून द्यायला हवा होता. मी किल्ली खिशात घातली आणि तुकडा टेंपोत चढवायला सांगितला.

शुक्रवारी सकाळी दहाला मिस्त्रींनी विचारलं आणि मी ते प्रायमरचं सांगितलं, ते वर आलंच आहे. वेल्डिंगसाठी मी कंपनीचं गॅसवरचं मशीन आणवलं होतं. त्या मशीनचा गॅस वाऱ्यानं उडतो आणि टाका कच्चा राहतो. म्हणून शेडचं शटर हातभर अंतर ठेवून खाली ओढलं आणि पंखा बंद केला. पहिला टाका पडला आणि पाइपाच्या कडेतून दाट पांढरा धूर उठला. त्यात कापसासारखे बारीक बारीक तंतू तरंगायला लागले.

"मी जरा मालकांना फोन करून येतो," मी म्हणालो आणि शटरखालून वाकून बाहेर पडलो.

फोन दोन मिनिटांत संपला. मी आत गेलो नाही. समोरच्या टपरीवर बसून दोन चहा घेतले, पेपर वाचला. शटरखालच्या फटीतून धूर बाहेर येत होता, अधूनमधून आतून खोकल्याचा आवाज. मी तीन तास तिथे बसलो. काम घाईचं होतं, असं मी स्वतःला सांगत होतो. धूर किती वाईट असतो ते मला माहीत होतं म्हणून मी बाहेर बसलो होतो, हे सांगत नव्हतो.

एकच्या सुमारास शटर वर गेलं. मिस्त्रींच्या मिशांवर पिठासारखी पांढरी भुकटी बसली होती. तांब्याभर पाणी ते घटाघट प्याले.

"त्वांड गोड गोड झालंय," ते म्हणाले.

मग ते फळीपाशी गेले, बिस्किटांचा डबा काढला, गुळाचा एक मोठा खडा तोंडात टाकला आणि माझ्याकडे न बघता तो चघळत राहिले. मी वेल्डिंग बघत असल्याचं दाखवलं. टाका सुरेख होता. नेहमीसारखाच.

"संध्याकाळी वेळेवर येतो," मी म्हणालो.

पाचला मी पोचलो तेव्हा शेड झाडून त्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. यंत्र कोपऱ्यात सरकवून त्याच्यावर चादर टाकली होती. कुंडलिक फोरमन, मुलगा, त्याचे आईवडील आणि दोन बायका आल्या होत्या. राजश्रीनं पोहे दिले. मालनकाकी नवं लुगडं नेसल्या होत्या आणि त्यांचा सगळा जीव आतल्या दाराकडे लागला होता.

"मिस्त्री कुटं हायती?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"आलं की. जरा पडल्यात. सकाळधरनं काम हुतं."

मिस्त्री आले. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी आणि डोळे लाल भडक. हातपाय थरथरत होते. "राम राम" म्हणायला गेले तर दात एकमेकांवर आपटले. दोन पावलं टाकली आणि तोल गेला. मुलानं उठून धरलं म्हणून पडले नाहीत. सतरंजीच्या कडेला बसले आणि पुढच्याच क्षणी उठून मोरीकडे धावले. ओकाऱ्यांचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

शेडमध्ये कोणी कोणाकडे बघेना. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी खाली ठेवली.

"ताप हाय त्यास्नी," राजश्री म्हणाली. "दुपारी बरं हुतं."

"आसला ताप आमी लई बगितलाय बाई," दोघींपैकी एक बाई म्हणाली.

मिस्त्री भिंतीला धरत परत आले. "घेतली न्हाई," ते म्हणाले. "आईची आन घिऊन सांगतो, घेतली न्हाई. धूर..." आणि ते थांबले. माझ्याकडे बघत होते.

सगळ्यांच्या माना त्यांच्या नजरेमागोमाग माझ्याकडे वळल्या. कुंडलिक माझ्या शेजारीच बसले होते.

"साहेब, तुमी जबाबदारी घेटली हुती," ते हळू आवाजात म्हणाले. "आज दिसभर तुमच्याच कामावर हुतं न्हवं? तुमी सांगा. धूर कसला म्हनत्यात ह्ये?"

एक वाक्य होतं. पाइप जीआयचा आहे, मीच आणला, मीच खोटं बोललो. कुंडलिक रोज सकाळी मालकांना भेटायचे. शनिवारी सकाळी नऊला मालकांना कळलं असतं की रविवारी गोऱ्या पाहुण्यांना ज्यातलं जेवण घालायचं, ती पेटी रसाळनं भंगारातल्या जस्ताच्या पाइपाची करून घेतली आहे. माझी अमेरिका माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. इमारती, रस्ते आणि मी.

"एक वाजल्यानंतर मी इथे नव्हतो," मी म्हणालो. "त्यानंतरचं मला काही सांगता येणार नाही."

"आन त्यो धूर?"

"वेल्डिंगचा धूर असतोच. साधं लोखंड होतं. त्यानं असं होत नाही."

हे मी बोललो. शब्द न शब्द आठवतो. आवाज शांत होता, साहेबाचा होता.

मिस्त्रींनी मान खाली घातली. मालनकाकी उठल्या, नवऱ्याजवळ गेल्या आणि सगळ्यांसमक्ष, तांब्याचं निमित्तही न करता, त्यांच्या तोंडाशी नाक नेऊन वास घेतला. ओकलेल्या माणसाच्या तोंडाला जो यायचा तो वास आला असेल. त्या तिथेच मटकन खाली बसल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

पाहुणे सुपारी न फोडता उठले. जाताना कुंडलिक माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचाबी इस्वासघात केला की वो यानं." मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनी त्यांचं ठरवलं.

मी चपला घालत होतो तर राजश्री बाहेर आली. तिच्या हातात तो बिस्किटांचा डबा होता. तिनं झाकण काढून माझ्यापुढे धरला. आत तळाला थोडा चुरा होता.

"सकाळी भरून ठेवला हुता मी," ती म्हणाली. "येवडा गूळ बाबा कवा खात्यात, तुमास्नी ठावं हाय. जीआय हुतं न्हवं साहेब?"

"प्रायमर होता," मी म्हणालो, आणि स्कूटरला किक मारली. पहिल्या किकला ती सुरू झाली नाही. दुसऱ्या किकलाही नाही. डबा हातात धरून ती उभी होती.

शनिवारी मी तिकडे फिरकलो नाही. यंत्र आणायला दुपारी टेंपो पाठवला. पेटी जळत राहणार, धूर मटणावरून जाणार, आणि निदान आपण ते खायचं नाही एवढी अक्कल मला होती. म्हणून रविवारी उपास आहे ही सबब मी तयार ठेवली. बायकोलाही तसंच सांगून ठेवलं. बाकीच्या चाळीस माणसांसाठी माझ्याकडे काही सबब नव्हती, आणि मी ती शोधतही नव्हतो.

रविवारी पहाटे मळ्यावर गडी लाकडं रचायला लागला आणि मी वाकून पाहिलं. पेटी दुसरी होती.

टाकी तीच, धुराडं तेच, पण पेटी गोल नव्हती, चौकोनी होती. जाड, जुन्या, साध्या लोखंडी पत्र्याची. एका अंगाला कडीकोयंड्याची बुजवलेली भोकं होती आणि निळ्या रंगाचा एक ओरखडा राहून गेला होता. तो निळा रंग मी ओळखला. मिस्त्रींच्या शेडच्या मागच्या दाराचा होता तो. माणूस शुक्रवारी रात्रभर तापात होता. शनिवारी सकाळी उठून त्यानं माझा पाइप कापून काढला होता, स्वतःच्या घराचं दार उतरवून त्याची पेटी केली होती आणि टेंपो यायच्या आत ती बसवून दिली होती. टाके जरा वाकडे होते.

काल यंत्र आणलेला टेंपोवाला तिथेच होता, त्याला मी विचारलं, "काही निरोप दिला का मिस्त्रींनी?"

"न्हाई. पाठ करून बसलं हुतं. पोरगी तेवडी म्हनली, आता बिनघोर खावा म्हनावं."

धूर टाकीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे मटणावरून घासत गेला. अगदी चुलवाणासारखा. संध्याकाळी चारला मालकांनी झाकण उघडलं, तंगडीचं हाड नुसतं ओढलं आणि ते हातात आलं. गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकानं धुराड्याचं तोंड खाली का घेतलंय असं विचारलं, तेव्हा मालक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आमचा डिझाइन इंजिनिअर. सगळी आयडिया ह्याची."

मी हसलो. मालकांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात वाढलं. उपासाची सबब आता लागणार नव्हती. मी खाल्लं. चव फार छान होती, दुसऱ्यांदाही घेतलं.

जूनमध्ये मी अमेरिकेला गेलो. सहा महिन्यांचे चौदा झाले. परत आल्यावर पुण्यात नोकरी, घर, बढत्या असं सगळं यथासांग झालं. राजश्रीची सोयरीक मोडली हे अर्थातच मला कळलं होतं. कामानिमित्त कोल्हापूरला जायचो, पण उद्यमनगरात जायची वेळ आली तर कुणा दुसऱ्याला पाठवायचो. अशी सोळा वर्षं गेली. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. दुसऱ्या कुणाला पाठवायची सोय उरली नाही, आणि एका सकाळी मी एकटाच गाडी घेऊन निघालो. वाटेत कराडच्या पुढे मी ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. मिस्त्री, तो पाइप जीआयचा होता.

शेड तशीच होती. शटर पूर्ण वर होतं, पंखा चालू होता. आत कोणीतरी खाली बसून गेटच्या सळयांना टाके घालत होतं. माझी सावली पडली तशी तोंडावरची काच वर झाली. राजश्री होती. केसांत पांढरं दिसत होतं.

"रसाळसाहेब," ती म्हणाली. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"मिस्त्री आहेत का?"

"बाबास्नी जाऊन सा वर्सं झाली. आता मीच करतो सगळं." कोल्हापूरच्या मुली बोलतात तसं ती 'करतो' म्हणाली. "माजं मालक मशीन शॉपला कामाला हायती. लगीन उशिरा झालं माजं, पर झालं. बसा की."

मी बसलो नाही. शटरच्या बाहेर, दाराच्या एका अंगाला, दीड फूट व्यासाचा पाइपाचा तुकडा उभा करून त्यात माती भरली होती आणि मोगरा लावला होता. येताना मी त्याच्या शेजारून आलो होतो. आता वळून पाहिलं. वरचा काळा रंग कुणीतरी सगळा खरवडून काढला होता. तुकडा पांढरा होता. उन्हापावसात सोळा वर्षं काढूनही गंजाचा एक ठिपका नव्हता त्याच्यावर.

"बाबांनी ठेवलाय," राजश्री म्हणाली. "हितं येनारी सगळी आपल्याच धंद्यातली. इचारायची, जीआय कुटलं वो ह्ये? बाबा म्हनायचे, साहेबांनी दिलंय. त्येच्या म्होरं कदी यक शबुद बोललं न्हाईत."

"राजश्री," मी म्हणालो, "तो पाइप जीआयचा होता. मला माहीत होतं. मी खोटं बोललो. त्या दिवशी मिस्त्री प्याले नव्हते."

वाक्य एवढंसंच होतं. म्हणायला पाच सेकंदसुद्धा लागले नाहीत.

ती रडली नाही, चिडलीही नाही. हातमोजे काढले, एकावर एक ठेवले.

"मला कशाला सांगताय साहेब? मला तवाच ठावं हुतं." तिनं मागच्या खोलीकडे मान केली. तिथे अजून दार नव्हतं, पडदा लावला होता. "आईला सांगा. बाबा सांगून सांगून थकलं, मी सांगून थकलो. तिनं मानलंच न्हाई. म्हनायची, साहेब कशापायी खोटं बोलतील? बाबा मरस्तवर रोज तांब्या घिऊन म्होरं उबी ऱ्हायची."

पडद्यामागून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "कोन आलंय गं?"

"रसाळसाहेब आल्यात, आई. पुन्यासनं."

आत भांडं वाजलं, घाईनं उठल्याची चाहूल लागली. पडदा बाजूला झाला. मालनकाकी फार वाकल्या होत्या, पण त्यांनी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"या की वो साहेब, आत या," त्या म्हणाल्या. "किती वर्सांनी पाय लागलं तुमचं. उन्हातनं आलाय, आदी गूळ-पानी घ्या."

त्या फळीकडे वळल्या आणि त्यांनी बिस्किटांचा तो डबा खाली काढला. मी चपला काढल्या आणि आत गेलो.